पिंजाऱ्याची पोर

आलापल्लीत मला सगळे नर्सबाई म्हणतात. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कुणाच्या लेकराला ताप आला की दार माझंच वाजतं. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो त्रास नको.

माझ्या घराला लागून रहीमभाऊंचं दुकान. फोमच्या गाद्या, उशा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वर पाटी, 'शेख बेडिंग हाऊस'. त्यांची मुलगी जाहिदा, घरातली गुड्डी, माझ्याच ओट्यावर अभ्यास करून मोठी झाली. यंदा ती नीटला बसली आणि चांगले मार्क घेऊन आली. चांगले म्हणजे काठावरचे. खुल्या गटातून सरकारी मेडिकल अगदी थोडक्यात हुकत होतं.

रहीमभाऊ मात्र निर्धास्त. पेढेच घेऊन आले.

"बाई, गुड्डीचं काम झालं समजा. आपण मायनॉरिटी आहो ना! मायनॉरिटीले सीट असते."

"कोनं सांगतलं?"

"सगळेच सांगून राह्यले."

सगळे सांगतात ती गोष्ट मी आधी तपासून बघते. पेढा खाल्ला, आणि मग त्यांना समोर बसवलं.

"सरकारी कॉलेजात धर्मावर सीट नसते, भाऊ. तुमच्या समाजाच्या संस्थेचं खासगी कॉलेज असन, तर तिथी तुमच्या पोरायसाठी सीटा असतात. पण तिथली फी आईकली तर तुम्हालेच भरती करा लागन. मी बौद्ध, म्हंजे मीबी मायनॉरिटीच. माही पोरगी रिना काय त्यावर शिकली? दाखल्यावर धर्म बौद्ध लिवला, जात महार लिवली, तवा शिकली. घरात आमी जात मानत नाई. पण जिच्यापायी आज्यानं सोसलं, तिचं नाव सरकारात सांगाले लाज कायची?"

रहीमभाऊंचा चेहरा उतरला. "मंग दुकान विकू काय?"

"विकता काऊन? काखेत कळसा अन् गावाले वळसा! तुमचे अब्बा पिंजारी होते. पिंजारी ओबीसीत येते."

त्यांनी उठून माझं दार लावून घेतलं. माझंच दार, माझ्याच घरात.

"हळू बोला, बाई. बाजार आईकते."

त्यांचंही समजत होतं मला. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. रहीमभाऊ लहानपणी त्यांच्या मागे असायचे, आणि बड्या घरच्या लग्नात 'ए पिंजाऱ्या, मागं बस' हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं. चार पैसे आले, दुकान झालं, तशी त्यांनी पाटीवर शेख लिहिलं. मुलांच्या शाळेत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलं. त्यात भर म्हणजे थोरल्या मुलाची, सैफची, सोयरीक बल्लारपूरच्या कापडवाल्या हाजीसाहेबांकडे ठरत आली होती. समजत सगळं होतं, तरी रागही येत होता. पोरीचं डॉक्टर होणं एका शब्दावर अडलेलं, आणि बाप तो शब्द गिळून बसलेला!

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले.

"कागदावर लिवतो, बाई. तोंडानं नाई बोलत. अन् तुमीबी बाजारात बोलाचं नाई."

मी कबूल केलं. त्यांच्या चुलत्यांच्या सिरोंच्याच्या शाळेतला जुना दाखला होता, त्यावर 'पिंजारी' लिहिलेलं. त्यावरून जातीचा दाखला निघाला आणि पडताळणीचं प्रकरण दाखल झालं. पण पुरावा एकच, म्हणून समितीनं घरी चौकशी लावली. चौकशीत काही उणं निघालं तर गुड्डीची सीट गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशी कधी येणार, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती नेमकी आली हाजीसाहेब दुकानात सरबत पीत बसले होते तेव्हा.

जीपमधून एक मॅडम उतरल्या. कामाला चोख, वागायला सरळ. खुर्ची ओढून बसल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "तुमचा पारंपरिक व्यवसाय कोणता?"

रहीमभाऊ हसले. "बिझनेस, मॅडम."

"आता नाही. वडिलांचा, आजोबांचा."

"तेच आपलं... बेडिंग."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. आतल्या दारात गुड्डी ट्रे घेऊन उभी होती. कापूस पिंजण्याचं नाव अजून कुठंच आलं नव्हतं. मॅडमनी आणखी दोन प्रश्न विचारले, रहीमभाऊंनी आणखी दोनदा खाली बघितलं. मग मॅडम म्हणाल्या, "शेजारचं कुणी जुनं माणूस आहे का?"

मी ओट्यावरच होते. बोलावलं म्हणून गेले. शब्द दिलेला होता, म्हणून जाताना ओठ घट्ट मिटले होते. पण गुड्डीच्या तोंडाकडे बघितलं, आणि गेला तो शब्द खड्ड्यात.

"मॅडम, मी इथी नवीन नोकरीवर आली तवा महाराची नर्स म्हनून या गल्लीत कोनी माह्या घरचं पानी पेत नव्हतं. ऐन थंडीत बाळंत झाली. नवरा दूर, माहेर दूर. एक दिवस या भाऊचे अब्बा पिंजण घेऊन माह्या अंगणात आले. कोनी बलावलं नव्हतं. दिवसभर कापूस पिंजला, गादी भरली, माह्या हातची चाय पेली, भाकर खाल्ली. मजुरी देऊ लागली तर हात मागं घेतला. म्हने, बाळंतिणीची गादी पिंजारी फुकट भरते बेटी, आमची रीत हाये. माही रिना त्या गादीवर वाढली. पिंजारी म्हटलं का मले तो म्हातारा दिसते. कोनाले त्याची लाज वाटत असन तर वाटो, मले तर त्याचे पाय धरावं वाटते."

एवढ्या वर्षांत मी हे त्या म्हाताऱ्याला कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा तो ऐकायला राहिला नव्हता.

मग रहीमभाऊ उठून उभे राहिले.

"मॅडम, ते बेडिंग खोडा. पिंजारी लिवा. माझा बाप पिंजारी, त्याचा बाप पिंजारी. मीबी त्याच्या मागं भामरागडपर्यंत फिरलो हाओ. नाक-कान कापसानं भरून जात. बाळंतिणीच्या घरून निंगताना अब्बा लेकराच्या डोक्यावर हात ठेवे, अन् मंगच पिंजण उचले." मग बाजाराकडे तोंड करून आणखी मोठ्यानं म्हणाले, "आमी पिंजारी हाओ!"

समोरचा पानवाला चुना लावायचा थांबला.

मॅडमनी शांतपणे खोडलं, लिहिलं, सह्या घेतल्या. हाजीसाहेबांनी अर्धा ग्लास खाली ठेवला आणि "सोचके बताते हैं" म्हणून निघाले. ते अजून सोचूनच राह्यले आहेत. मी सैफची समजूत काढायला गेले, तर तोच म्हणाला, "मावशी, बहिणीची सीट जाण्यापरीस माझी सोयरीक गेलेली परवडली." पोरगं दिसतं त्यापेक्षा शहाणं आहे.

पडताळणी वैध झाली. गुड्डीला चंद्रपूरला सीट लागली. त्या दिवशी रहीमभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "तुमचे उपकार, बाई."

"माह्ये कायचे?" मी म्हटलं. "तुमच्या बापाची मजुरी राहिली होती माह्याकडं."

मग आम्ही दोघं म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडलो. लाजायचं काय त्यात!

कॉलेज सुरू झाल्यावर गुड्डीचा फोन आला. रहीमभाऊ माझ्या ओट्यावरच बसले होते. मी स्पीकर लावला. बाप ऐकतोय हे तिला माहीत नव्हतं.

"मावशी, होस्टेलात एक पोरगी विचारत होती, तू मायनॉरिटी कोट्यातून आली काय? मी म्हटलं, मायनॉरिटी तर मी हाओच, पण सीट त्यानं नाई भेटली. मी पिंजाऱ्याची पोरगी हाओ. माझ्या अब्बानं भर बाजारात सांगतलं, म्हनून मी इथी हाओ."

रहीमभाऊंनी माझा हात घट्ट धरला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"बाई, मी इथी हाओ म्हनून सांगू नका. तिले म्हना, आवाज कटला. पुन्हा एकदा बोल."