गाणं न तुटेल इतकी चाल

अक्का दिसण्याआधी तिचा श्वास ऐकू यायचा. बसवनगुडीच्या आमच्या गल्लीत नीलमोहराचा सडा पडलेला असे, सकाळचं ऊन त्यावर तिरपं सांडलेलं असे, आणि त्यावरून तो खोल, खरखरीत, मध्येच अडखळणारा श्वास घराच्या दिशेनं येत राही. माझी ही थोरली बहीण. विशाल देह, इवली पावलं, आणि गळा मात्र असा की सूर लागताच आसपासची हवा निथळ व्हावी.

मुलींच्या शाळेत ती गाणं शिकवायची. त्या मार्चमध्ये शाळेनं कळवलं, जूनपासून संगीताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना जमत नसेल तर राजीनामा द्यावा. शाळेचा शिपाई तर तोंडावर म्हणे, “अक्का, स्वल्प हळू, जिना जुना आहे.” ती हसायची. मला ते हसणं सहन होत नसे.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. कोणता, किती, काही नाही. जणू व्यायाम म्हणजे एकाच मापाचा सदरा, कुणाच्याही अंगात कोंबावा. पण त्यांच्यावर कसला चिडतोय मी? आमच्या युवक संघाचं आरोग्यपत्रक मीच लिहिलं होतं. स्थूलता हा आळसाचा दंड आहे, प्रत्येकानं रोज पन्नास सूर्यनमस्कार घालावेत, असं ठणकावून. अक्कानं ते भिंतीला चिकटवलं आणि मुकाट सुरुवात केली. आठव्या दिवशी तिचे गुडघे सुजले, आणि अंथरुणावरून ती माझीच समजूत घालत राहिली.

पेठेतल्या गरडीत, म्हणजे तांबड्या मातीच्या तालमीत, तुळजोजी वस्ताद असत. ते पत्रक मी त्यांच्यापुढे धरलं.

“हे कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“सरी, बरं. मग तुझ्या अक्कासाठी कुठे आहे?”

सूज उतरल्यावर ते घरी आले. वजनाचा शब्दही काढला नाही. नुसतं तिला अंगणात चालायला लावलं आणि डोळे मिटून तिचा श्वास ऐकत बसले.

“गात चाल, अक्का. सूर तुटला की थांब. आज तेवढाच तुझा व्यायाम. उद्याचा उद्या बघू.”

मग पहाटेच्या गार, राखी उजेडात ती गुणगुणत चालू लागली. आधी कोपऱ्यापर्यंत, मग तळ्यापर्यंत. दुपारी स्टुलावरून उठणं-बसणं, तेही गुडघे परवानगी देतील तितकंच. मे सरताना एका श्वासाला एक पायरी. मी शेजारून चालायचो आणि सारखा पुढे जायचो. ती माझी बाही धरून मागे ओढायची.

जूनमध्ये ती वर पोचली. वळणावर एकदाच थांबली. वजन थोडंच उतरलं होतं, पण वरच्या खिडक्यांतून तिचा आवाज रस्त्यावर आला आणि पुढची तीन वर्षं येत राहिला.

गेल्या वर्षी विषमज्वरानं तिला नेलं. सांत्वनाला आलेली माणसं म्हणाली, शरीर फार स्थूल होतं ना. ताप कसला होता हे मी प्रत्येकाला सांगत बसलो. कुणी ऐकलं नाही.

त्यांच्या स्मरणात तिचा आकार राहिला आहे. मी तिचा वेग जपू पाहतो; पण वेग जपायला चालणारं माणूस लागतं, आणि तिच्यावाचून तो रोज थोडाथोडा माझ्या घाईत विरत चालला आहे.