दोन नळ्या साबणाचं पाणी

"सीट कधी बदललीत?" मी विचारलं.

"बदलली नाही," सिस्टर म्हणाल्या. "अकरा वर्षं तीच आहे."

मी मनातल्या मनात हसलो. सव्वीस वर्षं मी या मोटरसायकलच्या शोरूमच्या मागच्या बाजूला गाड्या उघडतोय. डांबरावरही चालेल आणि दगडाधोंड्यातही, अशी गाडी घ्यायला कोणी आलं की मी एकच सांगतो, जुनी गाडी घेऊन या. कशी चालवता असं विचारलं, तर जो तो स्वतःला शूरवीर म्हणवतो. गाडीला थापा मारता येत नाहीत. टायरची कड आणि ब्रेकचा लायनर बघितला की दोन मिनिटांत मी माणसाची कुंडली मांडतो.

ही गाडी मात्र मला दाद देईना. फुटरेस्टचं रबर पार झिजून खालचं लोखंड चकाकत होतं, आणि सीट मात्र काल बसवल्यासारखी. फोम कुठेही दबलेला नव्हता.

"दुसरं कोणी चालवतं का? वजनदार माणूस?"

"मी एकटीच." त्या जेमतेम पाच फूट, पन्नाशी उलटलेल्या. माझी हत्यारांची पेटी त्यांच्याहून जड भरली असती. "वरच्या वस्त्यांवरून रक्ताचे नमुने खाली आणते. पेटी पाठीवर असते. रक्त हिंदकळलं की बिघडतं, मग प्रयोगशाळा परत पाठवते. बसून चालवलं की प्रत्येक दगड पेटीपर्यंत पोचतो. उभं राहिलं की पाय झेलतात."

"किती वेळ उभं राहता?"

"उतरताना दोन तास."

"आणि जाताना?"

"जाताना चढ असतो. पुढे झुकून उभंच राहावं लागतं."

"मग बसता कधी?"

"घरी."

मी हातातला पाना खाली ठेवला. अकरा वर्षं, असं मी पुटपुटलो असेन, कारण त्या म्हणाल्या, "रोज नाही काही. सोमवारी आणि गुरुवारी."

आरोग्य खात्याचं ऑफिस त्यांना नवी गाडी देत होतं. निवड आजच कळवायची होती आणि ती निवृत्तीपर्यंत पुरवायची होती. पण त्या आल्या होत्या वेगळ्याच कारणाने. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघे संपत आलेत, उभं राहून चालवणं बंद करा. बसून चालवता येईल अशी गाडी मिळाली तर वरच्या वस्त्या त्यांच्याकडे राहणार होत्या. नाहीतर सोडाव्या लागणार होत्या, आणि तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"एवढंच ना?" आमचे मालक पुढे सरसावले. त्यांनी सगळ्यांत उंच गाडीच्या सीटवर थाप मारली. "हिचे शॉकअप बघा. पलंगावर बसल्यासारखं वाटेल."

सिस्टरांनी पर्समधून काचेच्या दोन नळ्या काढल्या आणि माझ्याकडे पाणी व साबणाचा चुरा मागितला. नळ्या अर्ध्या भरल्या, बुचं लावली, पाठीवरच्या पेटीत ठेवल्या. हे कशाला, मी विचारलं. "फेस आला की समजायचं, रक्त गेलं," त्या म्हणाल्या.

शोरूमच्या मागे कोरडा ओढा आहे, त्यात आम्ही गाड्या दाखवतो. उंच गाडीवर त्यांचे पाय पोचेनात. मी धरून ठेवली तेव्हा त्या चढल्या. बसून एक फेरी मारली. नळ्या बुचापर्यंत फेसाने भरल्या होत्या. हलक्या, बुटक्या गाडीवर बसून मारली, तेच. मालक म्हणाले, जरा सावकाश न्या. सावकाश नेली, तरी तेच. दर वेळी त्या नळ्या धुवायच्या, पुन्हा भरायच्या, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा उतरायचा.

"एकदा उभ्याने बघते," शेवटी त्या म्हणाल्या.

शर्यती मी पुष्कळ पाहिल्यात. हवेत उडणारे बहाद्दर पाहिलेत, त्यांच्या गाड्या नंतर जोडल्याही आहेत. पण असं चालवणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली हलकी गाडी दगडांवरून उधळलेल्या वासरासारखी उड्या मारत होती, आणि वर ती पेटी कोणी हातावर धरून न्यावी तशी संथ चालली होती. मधल्या मधे सगळं ते गुडघे सोसत होते.

नळ्यांत पाणी नितळ होतं. कडेला चार बुडबुडे, बस.

सिस्टरांनी नळ्या ओतल्या, पुसून पर्समध्ये ठेवल्या. मग म्हणाल्या, "हलकीच द्या."

"आणि गुडघे?"

"बघू. आजवर ऐकलंय त्यांनी माझं."

मला जमलं ते मी केलं. हॅन्डल चार बोटं वर घेतलं, म्हणजे वाकायला नको. तळवा पूर्ण टेकेल असे रुंद, दातेरी फुटरेस्ट बसवले. टाकीला दोन्ही बाजूंनी जाड रबर चिकटवलं, गुडघ्यांना टेकायला. सीटला हात लावला नाही.

आठ महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला आली. सिस्टर बाकावर बसल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत," त्या म्हणाल्या.

फुटरेस्टचे दात झिजून सपाट झाले होते. सीटवर आम्ही घातलेलं प्लास्टिक तसंच होतं, साधी सुरकुतीही नव्हती.

काम झालं की गाडीवर बसून एक चक्कर मारायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी मी फुटरेस्टवर उभा राहिलो आणि ओढ्यात उतरलो. चार मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. त्या सीटवर बसायला काही मन धजेना. मी खाली उतरलो आणि गाडी ढकलत परत आणली.