खालच्या सुराची तार

मेंदूचा झटका आला आणि दादाचं बोलणं गेलं. हातपाय शाबूत, डोकं शाबूत, समोरच्याचं सगळं कळायचं. पण शब्द म्हणून तोंडातून फुटेना. अख्खी गल्ली ज्याच्या गप्पांना टरकायची, तो माझा थोरला भाऊ नुसता बघत बसायचा. मला ते बघवेना.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं. तिने 'मला पाणी हवं' एवढंच वाक्य चालीवर बसवून दिलं आणि सोबत काहीतरी वाजवायला सांगितलं. घरात पुतणीचं युकुलेले, ते चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य, धूळ खात पडलं होतं. मी हट्टाने शिकले. दादा माझ्यामागून 'मला पाणी' इथपर्यंत झकास यायचा. 'हवं'ला चाल खाली उतरते, आणि नेमका तो सूर युकुलेलेवर नाहीच! मी तोच सूर वरचा वाजवायची, मग दादा गडबडायचा आणि तोंड फिरवून बसायचा.

"तू नुसतं तोंडाने गा ना," वहिनी म्हणाली.

"माझ्या गळ्यावर सोडलं तर उरलंसुरलंही विसरेल तो."

चौथी तार सैल सोडून पाहिली. ती कपड्यांच्या दोरीसारखी लोंबायला लागली. शेवटी वाद्यांचं दुकान गाठलं.

"ही तार इंग्रजी 'जी' सुराची, पण वरच्या," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला हवाय खालचा 'जी'. त्याला वेगळी तार मिळते."

"गिटारची लावली तर?"

"स्टीलची? अहो बाई, ताणाने तारांखालची पट्टीच उखडेल." त्याने दोन पाकिटं ठेवली. "ही धातू गुंडाळलेली. आवाज ठणठणीत, पण बोट सरकलं की किरकिरते. ही साधी, जाड. हळू बोलते, पण कुरकुर नाही."

मी दोन्ही घेतल्या, पण लावायची ती ठणठणीतच. मुक्या माणसाला बोलतं करायचं तर सूर कानात ठणकावून शिरायला नको?

ती जाड तार खुंट्यांजवळच्या खाचेत बसेना. मी दातांच्या कवळ्या बनवते. न बसणारं बसवणं हाच माझा धंदा. बारीक कानस घेतली आणि खाच रुंद करायला लागले.

"अगं, मोडेल ते!" वहिनी ओरडली.

"मोडलं तर दुसरं आणीन. पण दादा बोलल्याशिवाय मी हटायची नाही."

तार चढली. नवी असल्यामुळे सारखी उतरायची, मी सारखी खुंटी पिळायची. अखेर सूर लागला आणि मी सुरू केलं. 'मला पाणी...' बोट खाली सरकलं, किर्र! दादाने कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा वाजवलं. पुन्हा किर्र! तिसऱ्यांदा त्याने माझं मनगटच धरलं.

माझं डोकं फिरलं. "असं काय करतोस रे? म्हण की! हवं!"

त्याने डोळे मिटले, तोच खालचा सूर पकडला आणि गायला, "न... को."

वहिनी धावत त्याच्याजवळ आली.

"ही... तार... नको."

हे कुणीच शिकवलेलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं होतं. मला रडू फुटलं आणि रागही आला. "आगाऊ! बोटं सोलवटली माझी, आणि तुला नको?"

"नको, नको, ही नको!" तो थांबेचना. मी डोळे पुसत खुंटी सैल करायला घेतली.

"अगं, लवकर चढव ना ती साधी," वहिनी म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणाले. "भांडू दे त्याला माझ्याशी."