कोठीभर कॅसेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी कोठी पाहिलीही नसेल. वर्षभराचा गहू, ज्वारी साठवायला पूर्वी घरोघर आम्ही असायचो. उंच, गोल, डोक्यावर झाकण आणि खाली धान्य काढायला छोटीशी झडप. आज माझ्या पोटात दाणाही नाही. आहे तो एक उग्र वास. तो दुसऱ्या कोणाला येत नाही म्हणे, पण मला येतो. माझी हकीकत सुखाची नाही. तरी तुम्हाला सांगायलाच हवी, कारण आता तुमच्याशिवाय माझं ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात शंभू मिस्त्रींनी मला घडवलं. कोरा पत्रा त्यांनी वाकवला, शिवणी ठोकल्या आणि झाकण असं काही बसवलं की मुंगीलाही वाट मिळू नये. त्या ठोकाठोकीनं जीव नकोसा झाला होता. पण बाजाराच्या दिवशी उन्हात उभी राहिले तेव्हा सगळ्यांत जास्त मीच चमकत होते. तेवढा तोरा मला होताच!

मला घेतलं आक्काबाईंनी. नवरा लवकर गेलेला, पदरात महेंद्र हा एकुलता एक मुलगा, आणि दुसऱ्यांच्या शेतात राबून घर चालवायचं. त्यांनी भर बाजारात माझ्यात चक्क डोकं घातलं, वरून पदर ओढून अंधार केला आणि आतूनच ओरडल्या, "मिस्तरी, कुठनंबी उजेड दिसंना बघा. चांगली हाय. उजेड शिरतोय तितनंच किडा शिरतोय." अशी गिऱ्हाइकं आता कुठे राहिलीत!

सुगीनंतर मजुरीचा गहू घरी आला की आक्काबाई तो उन्हात वाळवायच्या, चाळायच्या आणि माझ्या पोटात ओतायच्या. आधी त्यात कडुनिंबाचा पाला घालत. पुढे गव्हात ठेवायच्या गोळ्या मिळू लागल्या, तशा त्या चिंधीत बांधून मध्ये ठेवत आणि झाकणाची नि झडपेची फट ओल्या मातीनं लिंपत. त्या गोळ्या भयंकर विषारी, बरं का. त्यांतून निघणारा वायू किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो. तुम्ही कधी चुकूनही हात लावू नका. आक्काबाई तर तेवढे दिवस महेंद्रला घेऊन बाहेर अंगणात झोपायच्या आणि घरात मांजरालाही फिरकू देत नसत. "आक्काबाईच्या गव्हाला किडा लागत न्हाई," असं सगळी आळी म्हणायची. खरं सांगते, त्या कौतुकावर मी जगले.

मग महेंद्र मोठा झाला, कारेगावच्या एका कंपनीत लागला आणि आम्ही सगळे शिरूरला दोन खोल्यांत आलो. सुरेखा सून म्हणून आली. गहू आता दुकानातून लागेल तसा पिशवीतून येऊ लागला. मी कोपऱ्यात रिकामी. माझ्या डोक्यावर मिक्सर आला आणि झडपेला कोळ्यांनी जाळी केली. असं कित्येक वर्षं चाललं.

त्याच काळात घरात कॅसेटी शिरल्या. गाण्यांच्या नव्हेत, व्हिडिओ गेमच्या. महेंद्र लहान असताना गावात एकाच घरात टीव्ही गेम होता. बाकीची पोरं आत बसून खेळायची आणि महेंद्रनं उंबऱ्याबाहेर उभं राहून बघायचं. त्याच्या हातात रिमोट कधी कोणी दिला नाही. का दिला नाही, हे आक्काबाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्या दिवसांबद्दल त्या आजही बोलत नाहीत.

पगार सुरू झाल्यावर महेंद्रनं जुने गेम जमवायला सुरुवात केली. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमधली कुटुंबं बदली झाली की घरातला पसारा काढून टाकतात. सुट्टीच्या दिवशी हा तिकडे जायचा आणि पिशवी भरून यायचा. पिवळ्या कॅसेटी, करड्या कॅसेटी, डिस्का, त्या चालवायची यंत्रं, वायरींची भेंडोळी, तुटक्या बटणांचे रिमोट. पाबळला कोणाच्या माळ्यावर खोकं आहे असं कळलं तरी हा निघाला! दोन खोल्यांत ठेवायचं कुठे, याचा विचार त्यानं कधी केला असेल तर शपथ. कॉटखाली झाल्या, कपाटावर झाल्या, हिवाळ्यात कुलरच्या पोटात झाल्या. एकदा सुरेखानं तूरडाळीचा डबा उघडला आणि हातात आली कॅसेट.

"अहो, ह्या घरात माणसं ऱ्हात्यात का क्यासेटी?" ती कडाडली. "पाय पसरून झोपाय जागा न्हाई. एक तर ह्येंची सोय लावा, न्हाईतर मी समदं भंगारात घालते!"

तेव्हा दारात तांदूळ निवडत बसलेल्या आक्काबाई म्हणाल्या, "भांडताय कशाला? कोठी रिकामीच हाय की."

मित्रांनो, त्या एका वाक्यानं मला पुन्हा माणसांत आणलं. महेंद्रनं मला धुतलं, पुसलं, आणि खोकी फोडून सगळा साठा माझ्या पोटात रचला. खाली यंत्रं, मध्ये कॅसेटी, वर डिस्का. अगदी गळ्यापर्यंत भरले मी. शिवणी ताणल्या, पण मी हूं की चूं केलं नाही.

त्यातच नवनाथमामा घरी आले. आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहाराचं काम तेच बघतात. "महेंदर, विहाराची वरची खोली रिकामी हाय, तितं तुझं गेम मांडू," ते म्हणाले. "जयंतीला खुली करू. पोरं येत्याल, खेळत्याल. पर तवर तुझं सामान नीट सांबाळून ठिव."

"मामा, येईल त्या पोराच्या हातात रिमोट देणार बघा," महेंद्र म्हणाला. "दारात कोणाला उभं करायचं न्हाई." मी तेव्हाच ठरवलं, जयंतीपर्यंत यातली एक कॅसेटसुद्धा खराब होऊ द्यायची नाही. आता आयुष्यात माझं तेवढंच काम राहिलं होतं.

आणि इथेच घात झाला. एक यंत्र महेंद्रनं खोलून पाहिलं तर आत झुरळांचं घर! तो डोक्याला हात लावून बसला. "आये, वाट लावली बघ. समद्यात शिरली तर माझं काय ऱ्हाईल?" झुरळं ओलीला धरून येतात म्हणून त्यानं कंपनीतून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या आणल्या आणि कॅसेटींमध्ये ठेवल्या. आक्काबाईंनी एक पुडी उचलून वास घेतला. वास नाहीच. त्यांनी ती परत ठेवून दिली. पण मी त्यांना ओळखते. पोरगं माझ्यासारखंच औषध ठेवतंय, पण औषधात दम नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मांडवगण फराट्याला आक्काबाईंच्या भाच्याचं लग्न आलं. घर बंद राहणार होतं. महेंद्र आणि सुरेखा जीप बघायला चौकात गेले तेव्हा आक्काबाईंनी माझं झाकण उघडलं. त्यांच्या हातात चिंध्या होत्या. छोट्या, गाठी मारलेल्या. मी पाहिल्या आणि माझा पत्रा गार पडला.

"माज्या लेकराची इतक्या वर्साची कमाई हाय गं," त्या माझ्या पोटात वाकून मला म्हणाल्या. "गव्हाला जपलं तसं ह्येलाबी जप." एकेक चिंधी त्यांनी इतक्या मायेनं कॅसेटींमध्ये खोवली! मग झाकण लावलं, फटी मातीनं लिंपल्या, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं. माणसांची काळजी त्यांनी कुठे कमी केली नाही. पण गव्हात तांबं नसतं आणि गेमच्या पोटात तांबंच असतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

गोळ्या फुटू लागल्या आणि त्यांचा तांबं खाणारा वायू माझ्या पोटात भरला. कॅसेटींच्या तोंडाशी चकचकीत बारीक पट्ट्या असतात. त्या आधी मळल्या, मग हिरवट झाल्या, मग काळ्या पडत गेल्या. यंत्रांच्या आतलंही तसंच. माझ्याच पोटात सगळं मरत होतं आणि मी नुसती उभी! ऊन चढलं की पत्रा वाजतो, तेवढाच काय तो माझा आवाज. मी वाजले. पुन्हा वाजले. बंद घरात कोण ऐकणार? आयुष्यात पहिल्यांदा मी शंभू मिस्त्रींना शिव्या घातल्या. कशाला इतकं चोख काम केलंत हो? एखादी शिवण उसवली असती, एखादं भोक राहिलं असतं, तर थोडं तरी वाचलं असतं! पण एवढीशी फटही माझ्यात नव्हती.

लग्नाहून परतल्यावर आक्काबाईंनी आधी सगळी दारंखिडक्या उघडल्या आणि घर चांगलं वारं खाईपर्यंत कोणाला आत येऊ दिलं नाही. "बंद घर हाय, कोंदट झालं आसंल," एवढंच म्हणाल्या. माझ्या कडेची मातीही त्यांनी गुपचूप खरवडून काढली. लेकाला नंतर चकित करायचं होतं ना.

जयंती जवळ आली तशी महेंद्रनं एक कॅसेट काढून टीव्हीला लावली. पडदा काळा. दुसरी लावली, तिसरी लावली. यंत्र बदललं. मग तो खोडरबर घेऊन पट्ट्या घासत बसला, आणि पट्ट्यांचा काळा चुरा त्याच्या मांडीवर पडत राहिला. शेवटी त्यानं सगळंच बाहेर काढलं तेव्हा चिंध्या सापडल्या, आत राखेसारखी भुकटी. सुरेखानं पदर नाकाला लावला, चिंध्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा केल्या आणि पिशवीला गाठ मारली. हीच सुरेखा सगळं भंगारात घालायला निघाली होती! तिचे डोळे भरले. "आत्याबाईंनी..." ती एवढंच बोलली, आणि महेंद्रनं तिला हातानं थांबवलं.

कारण आक्काबाई दारात उभ्या होत्या. तोंडावर हसू मावत नव्हतं. "काय रं, लागला का किडा?"

महेंद्रनं हातातल्या कॅसेटीच्या काळ्या पट्ट्या मुठीत झाकल्या. मग म्हणाला, "न्हाई आये. एकबी किडा न्हाई."

"म्हनलं न्हवतं?" असं म्हणून आक्काबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, त्या कौतुकासाठी मी वर्षानुवर्षं आसुसले होते, आणि त्या थापेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जयंतीला विहारातली खोली उघडली. कॅसेटी काचेच्या कपाटात मांडल्या. पोरं आली आणि बाहेर उभी राहून बघून गेली. "चालू करा की, काका," असं ती म्हणाली तेव्हा महेंद्र जिन्यावर जाऊन बसला, हे सुरेखानं घरी येऊन शेजारच्या सोजराबाईंना सांगितलं. कारण मात्र तिनंही सांगितलं नाही.

आणि आता माझा जीव का टांगणीला लागलाय, ते ऐका. सोजराबाईंची नात समृद्धी शिकायला पुण्याला जाणार आहे. तिचा नवा लॅपटॉप आजीच्या घरी पडून आहे आणि घरात झुरळं झालीत. काल सोजराबाई विचारायला आल्या. आक्काबाई छाती फुगवून म्हणाल्या, "आन की हितं. गहू आसू दे न्हाईतर क्यासेटी, माज्या कोठीत किडा लागत न्हाई. ईच्यार आमच्या महेंदरला." महेंद्र जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला, तरी तो बोलला नाही. आज त्यांनी मला उन्हात ठेवून पुसलंय. फडताळात नव्या चिंध्या बांधून तयार आहेत.

मित्रांनो, मला तोंड नाही आणि ज्यांना आहे ते मायेपोटी गप्प आहेत. म्हणून तुम्हाला हात जोडते, तुमच्यातलं कोणीतरी या आणि आक्काबाईंना खरं सांगा. पण दारातून ओरडून सांगू नका. त्यांच्याजवळ खाली बसा. आधी त्यांच्या गव्हाबद्दल विचारा, मन भरेपर्यंत बोलू द्या. मग एक कॅसेट त्यांच्या हातात द्या, हे काय असतं, कशानं चालतं, कशानं मरतं ते दाखवा. हे पहिल्याच दिवशी करायला फार वेळ लागला नसता हो! आपली जिवापाड वस्तू ज्याच्या हवाली करतो, त्याला ती काय आहे तेही सांगायला हवं.

लवकर या. सोजराबाई उद्याच लॅपटॉप घेऊन येणार आहेत.