अठरावी प्लेट

“काका, एकदा काठी लावून बघता का?” धम्मप्रियानं विचारलं. रामलिंग नेमकं हेच टाळत आला होता.

लातूरजवळच्या त्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं मद्यार्काचा कॉलम त्यानंच चालवला. तांब्याचं चार मजली उंच नळकांडं, आत एकावर एक चाळीस प्लेटा, प्रत्येकीवर वाफ सोडणाऱ्या टोप्या. बाभळीच्या काठीचं एक टोक कॉलमला आणि दुसरं कानाला लावलं, की कोणती प्लेट नीट उकळतेय, कोणती झोपलीय हे गडी खडान्‌खडा सांगायचा. या कानाचा त्याला कोण अभिमान. आणि दोन वर्षांपासून तोच कान गेला होता. डिस्टिलरीत सगळेच ओरडून बोलतात, म्हणून बायको सिंधूशिवाय कोणाला पत्ता नव्हता. निवृत्तीला दोन महिने उरले होते. तेवढे झाकून निघाले की झालं, एवढंच त्याचं मागणं.

धम्मप्रिया उदगीरची, नवी इंजिनियर. कॉलमच्या वरचे-खालचे नमुने तपासून तिनं हिशोब मांडला होता. चाळीस प्लेटा मिळून जेमतेम बावीस प्लेटांचं काम करत होत्या. गेल्या हंगामात अठ्ठावीसांचं होत होतं. मध्ये काहीतरी बिघडलंय, कॉलम उघडा, असं ती म्हणत होती. पण रामलिंगच्या शब्दाशिवाय मॅनेजर तो उघडायला तयार नव्हते.

रामलिंग शिडी चढला. काठी लावली. आत नुसती शांतता. त्यानं जुना आवाज आठवला आणि खाली येऊन म्हणाला, “समद्या प्लेटा बोलायल्यात. काय न्हाई झालेलं.”

आठ दिवसांत कॉलम तुंबला. उघडला तर अठराव्या प्लेटच्या टोप्या निखळून खालच्या सतराव्या प्लेटवर पडलेल्या. त्याला कोणी बोल लावला नाही. धम्मप्रियानं अहवालात त्याचं नावसुद्धा घातलं नाही, आणि तेच त्याला फार लागलं.

दुरुस्ती होऊन कॉलम पुन्हा तापला, तेव्हा त्यानं काठी तिच्या हातात दिली.

“मला ऐकू येत न्हाई, पोरी. दोन सालं झाली. त्या दिशीबी आलं न्हवतं.”

तिनं काठी अठराव्या प्लेटपाशी टेकवली, कान लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मोकळा हात त्याच्यासमोर धरून तिनं पाची बोटं थरथरवली, भाताला आधण यावं तशी.

रामलिंगनं मान डोलावली. आवाज ओळखीचा होता.