सतराव्या बॅचचे नव्वद दिवस

बॅच १४. रंग : ठीक. वास : ठीक. शेरा : चिमणाबाई.

शेऱ्याच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नसतं, हे शालनला माहीत होतं. पण दुसरं काही सुचेना. पॅकिंगच्या चिमणाबाईनं नवं क्रीम गालावर फिरवलं, स्टीलच्या टाकीत तोंड बघितलं आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं सांगितलं, "मॅडम, गिरणीतनं दळण घिऊन आल्यागत दिसाय लागलो की मी."

झिंक. ऊन अडवायचं तर झिंक हवं, आणि सावळ्या कातडीवर ते राखेसारखं बसतं. मालक धैर्यशीलला ती राखच आवडली होती. आरशात लगेच पांढरं दिसलं की गिऱ्हाईक खूश, असं त्याचं म्हणणं. राख वेगळी आणि उजळ वेगळं, असं शालन म्हणाली. ताई, तुम्ही फार खोलात जाता, असं तो म्हणाला.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमध्ये ती अकरा वर्षं खोलात जात होती. फिनेल, भांडी घासायचं लिक्विड, लॉजवाल्यांसाठी शाम्पूच्या पुड्या. त्यातलं काही कुणी बनवलंय, असं कुणाला वाटतही नसेल. या क्रीमच्या अहवालावर मात्र 'तयार करणारी' म्हणून तिचं नाव येणार होतं. क्रीम घेणारी पुण्याची पार्टी होती. उन्हाची चाचणी पार्टी स्वतः करून घेणार होती. इथून हवा होता एकच कागद : चाळीस डिग्रीला सलग नव्वद दिवस ठेवूनही क्रीम फुटलं नाही, पिवळं पडलं नाही. खाली सही.

नोंदवहीची मागची पानं :

बॅच ९. पिवळी.

बॅच १०. पिवळी, पण चार दिवस उशिरा.

बॅच ११. पिवळी नाही. तपकिरी.

(व्हिटॅमिन सीला आंबटपणा लागतो, झिंकला तो सोसत नाही. दोघांना एका बरणीत नांदवायचं म्हणजे)

बॅच १२. व्हिटॅमिन सी काढलं, नायसिनामाइड घातलं. पाणी सुटलं.

बॅच १३. नाही. साहेबांना तेरा आकडा चालत नाही.

पुढची पानं :

बॅच १५. प्रीतीवहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, सुचवल्याप्रमाणे केशर. शेरा :

(शेरा कोरा.)

बॅच १६. केशर काढलं. साहेबांच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही म्हणे. क्रीम ठीक, राख तशीच.

सतराव्या बॅचला शालननं झिंक अख्खा दिवस तेलात घोटलं आणि त्यात चिमूटभर आयर्न ऑक्साइड घातलं. गेरूच्या जातीतला रंग. क्रीम किंचित तांबूस झालं. गोरं करायचं क्रीम आणि रंगानं तांबडं, असं म्हणून धैर्यशीलनं डोक्याला हात लावला. मग चिमणाबाईला बोलावलं. ती टाकीत बराच वेळ बघत राहिली.

"लावलंय का न्हाय?" तिनं विचारलं.

अकरा वर्षांत शालनला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

तीन बरण्या ओव्हनमध्ये गेल्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी : हात लावू नये. कामाच्या दिवशी सकाळी नऊला तापमानाची नोंद.

दिवस ३०. ठीक.

दिवस ६०. ठीक. साहेबांनी ट्यूबा छापून आणल्या. अजून तीस दिवस आहेत म्हटलं. ऐकलं नाही.

दिवस ९०. ठीक.

नव्वदाव्या दिवशी धैर्यशीलनं पेढे आणले. शालननं बरणी उलटी केली, सुलटी केली, काचेच्या पट्टीवर क्रीम ओढून बघितलं. तुटलं नाही. सगळे ओव्हनभोवती जमले आणि गेटवरचा पिराजीही आत आला. कुरुंदवाडकडचा म्हातारा, फाटकाजवळच्या खोलीतच राहायचा. त्यानं पेढा कपाळाला लावला आणि ओव्हनच्या पत्र्यावर हात फिरवला.

"लई राबला बिचारा," तो म्हणाला. "पर मीबी दर सोमवारी इसावा दिलाय त्याला."

शालननं विचारलं, कसला विसावा.

कारखाना सोमवारी बंद. रविवारी संध्याकाळी सगळे गेले की पिराजी ओव्हनचं बटण बंद करायचा आणि मंगळवारी पहाटे चालू करायचा. नऊपर्यंत काटा चाळिसावर आलेला असे. बरणीला त्यानं कधी हात लावला नव्हता, चिठ्ठी वाचली होती.

"सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत आमच्यात," तो शांतपणे सांगत होता. "ह्यो तर तीन म्हैनं रातध्याड तापतोय. एक दिस नगं व्हय?"

चिमणाबाई हसली. आणखी कुणी हसलं नाही.

बारा सोमवार.

धैर्यशीलनं शालनला केबिनमध्ये नेलं, दार लावलं. तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. तो समजावत होता. क्रीम गार झालं, गरम झालं, परत गार झालं, तरी टिकलं, म्हणजे परीक्षा उलट जास्तच कडक झाली की. हे म्हणणं अर्धं खरं होतं. शालनचं डोकं त्यानंच उठलं. पूर्ण खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"मग तसंच लिहा. सोमवारी बंद होता म्हणून लिहा, मी आत्ता सही करते."

"पार्टीला सलग पायजे, ताई. फॉर्मवर छापलंय ते."

"सलग न्हाय ते."

"तुमच्या नावाचं क्रीम हाय. तुमीच पाय ओढणार त्याचा?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. आणखी नव्वद दिवस द्या म्हणाली. पार्टी शुक्रवारपर्यंतच थांबणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यानं विचारलं, चूक कुणाची धरायची. केबिनच्या काचेतून पिराजी दिसत होता, उरलेले पेढे कागदात बांधत होता.

"बरणीवर चिठ्ठ्या लावल्या, बटणावर लावली न्हाई," शालन म्हणाली. "माझी चूक ती."

शुक्रवारी पार्टी वाघोलीच्या एका कारखान्याकडे गेली. छापलेल्या ट्यूबांची खोकी मोरीशेजारी रचली गेली. शालनला पुन्हा फिनेलवर घातलं. ओव्हन रिकामाच आहे, तुमच्या समाधानासाठी काय ठेवायचं ते ठेवा, असं धैर्यशील जाता जाता बोलला. तिनं सतराव्या बॅचच्या शिल्लक क्रीमच्या तीन बरण्या भरल्या आणि ठेवल्या.

रविवारी संध्याकाळी पिराजी तिच्यामागे फाटकापर्यंत आला.

"उद्या चालूच ठिवायचा व्हय?"

"चालूच, मामा. मी येणार हाय."

सोमवारी मंगळवार पेठेतल्या घरातून ती नऊला पोचली. शेडमध्ये यंत्रं गप्प होती, फक्त ओव्हनचा पंखा घुमत होता. पिराजीनं तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. तिनं काटा बघितला. नोंदवहीच्या पानावर आठवड्याचे सहाच रकाने छापलेले, म्हणून पट्टी घेऊन तिनं कडेला सातवा आखला. जागा कमी होती, अक्षर बारीक काढावं लागलं.

पिराजीला तिनं दोनदा बसा म्हटलं. तिचं लिहून होईपर्यंत तो उभाच राहिला.