खालच्या पापणीवरची रेघ

"आजोबा, डोळा मिटू नका. मी अजून हातसुद्धा लावलेला नाही."

"लावणार आहात ना? मग तो आधीच मिटतो. माझं ऐकत नाही तो."

ती हसली आणि वाट बघत राहिली. डोळ्यांच्या दवाखान्यात तिची निम्मी नोकरी अशी वाट बघण्यात गेली होती. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, थेंब घालायचे आणि पेशंटला डॉक्टरांसाठी तयार करून ठेवायचं, हे तिचं काम. यंत्रं कुणालाही शिकता येतात. परक्याचं बोट डोळ्याजवळ येत असताना पापणी उघडी ठेवणं मात्र कुणाला शिकवता येत नाही, असं तिचं अनुभवानं झालेलं मत होतं. एकदा एका धिप्पाड ट्रकचालकानं थेंबाच्या भीतीनं तिचं मनगट पकडून ठेवलं होतं आणि मग लाजून दहादा माफी मागितली होती. तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. शरीर आपल्या सर्वांत उघड्या जागेची राखण करतं, एवढंच.

दार किलकिलं झालं. स्वागतकक्षातली मुलगी ओठ दाबून हसत होती.

"ताई, तुमचे चिरंजीव आलेत. चौघं आहेत. शोकसभेला निघाल्यासारखे."

आजोबांना बाहेर बसवून ती व्हरांड्यात आली. बाकावर चार काळे शर्ट, चार काळ्या घट्ट पँटी आणि मनगटांवर रुंद काळे पट्टे. केस कपाळावरून तिरपे उतरून अर्धा चेहरा झाकत होते. प्रत्येकाचा एकेकच डोळा दिसत होता आणि तो लालभडक होता. कडेला काजळाची रेघ विस्कटलेली.

"शाळेतून हाकललं," तिचा मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला.

"हाकललं नाही, काकू," चष्मेवाला घाईनं म्हणाला. त्याला हे सगळे ढापण्या म्हणत. "घरी पाठवलंय. फरक आहे."

"पर्यवेक्षक म्हणाले, काय ओढता ते कबूल करा," सर्वांत उंच, लंबू म्हणाला. "नाहीतर डॉक्टरांचं लिहून आणा. नाहीतर शाळेत पाय ठेवायचा नाही."

चौथा होता बारक्या. तो नावाप्रमाणेच लहानखुरा होता आणि दोघांच्या मध्ये असा बसला होता, की मुद्दाम बसवल्यासारखा वाटावा.

मुलगा इमो झाला त्याला आता वर्ष होत आलं होतं. काळे कपडे घालून उदास गाणी ऐकणाऱ्या पोरांसाठीचा हा शब्द त्यानंच घरी आणला होता. "म्हणजे तो इमू पक्षी का रे?" असं तिच्या भावानं विचारलं होतं आणि स्वतःच खो खो हसला होता. मुलाचे वडील मला काही दिसतच नाही असं धोरण ठेवून होते. मुलगा खोलीत दार लावून रडकी गाणी ऐकायचा, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालायचा आणि विचारलेल्या प्रश्नाला अर्ध्या शब्दात उत्तर द्यायचा. मागच्या भेटीत भाऊ हसला नव्हता. निघताना तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, हे लोक हात कापून घेतात म्हणे. मनगटं बघ त्याची एकदा."

तेव्हापासून ते मनगट तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मुलगा झोपलेला असताना ती दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती आणि परतली होती. चोरून बघितलं आणि काही निघालं तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि काही निघालं नाही तर त्याच्याकडे पुन्हा सरळ कसं बघायचं, हेही.

"एकेक जण आत या," ती म्हणाली. "आधी लंबू."

अंधाऱ्या खोलीत त्यानं यंत्राच्या टेकूवर हनुवटी टेकवली. त्याच्या उंचीसाठी तिला यंत्राचं टेबल पार वर करावं लागलं. तिनं आधी बाहुल्या पाहिल्या; नशा केली असेल तर त्या सुस्तावतात. उजेड पडताच दोन्ही सारख्या, चटकन आकसल्या. आपण पर्यवेक्षकांचंच काम करतोय, हे तिला कळत होतं. तरी बाहुल्या झटपट आकसल्याचं पाहून तिनं रोखलेला श्वास सोडला.

मग तिनं प्रकाशाची फट बारीक केली आणि भिंगातून पाहिलं.

बुबुळावरच्या अश्रूंच्या थरात काळे कण तरंगत होते. तो थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो. पापणी मिटली की सगळे कण खाली ओढले जात, उघडली की हळूहळू वर चढत. खालच्या पापणीच्या काठानं एक बारीक ओघळ नाकाकडे चालला होता आणि त्यात ते कण नदीतल्या होड्यांसारखे निघाले होते. रोजच बघूनही ही गोष्ट तिला कधी जुनी वाटली नव्हती. माणूस समोर नुसता बसलेला दिसतो, आणि त्याच्या डोळ्यावर हवामान चाललेलं असतं.

"आता मी वरची पापणी उलटी करणार आहे," ती म्हणाली. "घाबरू नकोस, सगळेच जरा..."

लंबूनं डोळा मिटला नाही. तिचं बोट येताच त्यानं नजर हवी तिकडे वळवली, मान सैल सोडली आणि श्वाससुद्धा हळू केला. कापसाच्या काडीवर पापणी उलटली. आतली बाजू लाल, खरबरीत, सुजलेली होती. डोळे आले होते. साधा, चिकट संसर्ग.

ढापण्या आला, चष्मा काढून तोही तसाच बसला. बारक्यानं तर न सांगता नजर वर नेली आणि तिच्या बोटाची वाट बघत राहिला. तिघांचंही दुखणं तेच, आणि तिघांचं बसणंही. लंबूला पापणी उलटताना दुखलं होतं, पाणी आलं होतं, पण मान मागं गेली नव्हती. दवाखान्यात एवढ्या वर्षांत तिला असा पेशंट अधूनमधून मिळायचा. आज ओळीनं मिळाले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिनं बारक्याला विचारलं.

"काय, काकू?"

"न हलता बसायला."

तो पहिल्यांदा जरासा हसला. "रोज बसतो ना. आम्ही एकमेकांना काजळ लावतो. स्वतःचं स्वतः लावलं की रेघ वाकडी येते."

"आणि पेन्सिल?"

त्यानं खिशातून काढून दाखवली. झिजून बोटाच्या पेराएवढी उरली होती.

"चौघांत एक?"

"एकच."

तिच्या मुलाला डॉक्टरीणबाईंनी स्वतःच तपासलं, आणि पेन्सिल बघून त्या मोठ्यानं हसल्या. "रोगजंतूंची इतकी उत्तम सोय मी कुठे बघितली नव्हती!" त्यांनी शाळेसाठी दोन ओळी लिहून दिल्या. चौघांना थेंबांची वेगवेगळी बाटली, वेगवेगळा टॉवेल, आणि डोळे स्वच्छ होईपर्यंत शाळा बंद. पेन्सिल कचऱ्यात, काजळ बंद. बाहेर सुटका झाल्याचा आनंद दिसायला हवा होता. तिथं अधिकच शोकसभा पसरली.

"मॅडम, सकाळी थोडा वेळ एकमेकांना भेटलं तर चालेल?" तिच्या मुलानं विचारलं.

"कशाला?"

"असंच."

"असंच काही भेटायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

काजळ पुसायचं काम तिच्याकडे आलं. तिघांचं झालं. काळं निघालं तसे आतून कोवळे, गोंधळलेले चेहरे वर आले. ते बाहेर गेले आणि शेवटी तिचा मुलगा समोर बसला. त्यानं मान वर केली. केस मागं सारताना तिची बोटं त्याच्या कपाळाला लागली. ती कधी लागली होती शेवटची, ते तिला आठवेना.

तोही हलला नाही. तिच्या हातात तो तसाच, पूर्ण उघड्या डोळ्यानं बसून राहिला. त्याच्या बुबुळाचे तपकिरी धागे बाहुलीभोवती आत ओढल्यासारखे दिसत होते, आणि त्यांत एक सोनेरी ठिपका होता. तो ती पहिल्यांदाच बघत होती. घरात वाढलेल्या पोराच्या डोळ्यात.

मनगट टेबलावर होतं. पट्टा सैल होता. नुसतं बोट घातलं असतं तरी सरकला असता.

तिनं कापूस खाली ठेवला.

"एक विचारते. खरं सांगशील?"

"हं."

"तू स्वतःला काही करून घेतोस का? हातावर वगैरे?"

मग त्यानं स्वतःच पट्टा वर सरकवला. घामानं पांढरी पडलेली कातडी होती, बाकी काही नाही.

"मामा बोलला ना तुला?"

"बोलला."

"मला वाटलंच." तो पट्टा नीट करत राहिला. "माझं नाही, आई. बारक्याचं होतं. तू कुणाला बोलणार नाहीस."

"त्याच्या घरी?"

"त्याच्या मावशीला माहितीये. ती नेते त्याला डॉक्टरकडे, दर आठवड्याला. औषध पण आहे." तो अडखळला. "पण तो सकाळी उठायचाच नाही. शाळेत यायचा नाही, फोन घ्यायचा नाही. मग लंबू म्हणाला, पेन्सिल त्याच्याकडे ठेवू. एकच ठेवू. म्हणजे तो आला नाही तर आमच्या कुणालाच लावता येणार नाही. मग त्याला सकाळी शाळेमागच्या सायकलतळावर यावंच लागतं."

तिनं कापूस पुन्हा उचलला.

"आणि लावताना जवळून बघावं लागतं ना," तो म्हणाला. "रडलेला असला तर कळतं. झोपला नसला तरी कळतं. बाकी दिवसभर कोण कुणाकडे एवढं बघतंय?"

ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. वरची मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. कुणाला कुठपर्यंत दिसतं हे मोजायचा पगार तिला मिळत होता. आणि ही चार पोरं, ज्यांना नीट भांग पाडता येत नाही म्हणून आपला भाऊ हसतो, ती रोज सकाळी शाळेमागच्या सायकलतळावर उभी राहून एकमेकांचे डोळे तपासत होती. कुणी सांगितलेलं नसताना. हे त्यांना कुठून सुचलं असेल, याचा तिला अंदाज येईना, आणि अंदाज येत नाही याचं तिला बरं वाटलं.

"पेन्सिल टाकावीच लागेल रे," एवढंच ती म्हणाली.

"माहितीये."

दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, तरी मुलगा लवकर उठला. हात धुतले, थेंबांची बाटली खिशात टाकली.

"थेंब मी घालते की," ती म्हणाली.

"तुला येतात ते माहितीये, आई," तो बूट घालत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं, ते तिच्या ओठांवर आलं होतं. "टॉवेल वेगळे," एवढं मात्र दारातून ओरडली.

"हो, आई!"

दवाखान्यात जाताना ती एक गल्ली आधीच वळली. सायकलतळावर ते चौघं होते. काजळ नसलेले चेहरे उन्हात उघडे, थोडे अनोळखी दिसत होते. लंबू बाटलीतून पाणी ओतत होता आणि ढापण्या साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होता, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा. बारक्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून होता. तिच्या मुलानं डाव्या हातानं त्याची हनुवटी वर उचलली, अंगठ्यानं खालची पापणी अलगद ओढली आणि थेंब सोडायच्या आधी थांबला. बराच वेळ थांबला. बघत.

मग थेंब पडला. बारक्यानं डोळे मिटले, आणि तो ते उघडेपर्यंत तिघंही बोलणं थांबवून तिथंच उभे राहिले.

कुणी वर बघायच्या आत ती भिंतीच्या कडेनं मागं फिरली आणि लांबच्या रस्त्यानं कामावर गेली.